लाइनचा शेवटचा हंगाम

ब्रेकवाल्याचा पाय मोडला त्या दिवशी लख्ख ऊन होतं, रूळ कोरडे होते आणि ओंडकाही फार मोठा नव्हता. म्हणजे दोष द्यायला हाताशी काहीच नव्हतं. वरच्या फलाटावर ट्रॉली भरताना साखळीचा आकडा निसटला, वरचा ओंडका एक वेढा फिरला आणि त्याच्या गुडघ्याखाली येऊन बसला. चौघांनी पहारी घालून ओंडका उचलला, तेव्हा तो एवढंच म्हणाला, "हळू. ट्रॉली उलटेल." मग त्याची शुद्ध हरपली.

त्याची बायको तेव्हा चौथ्या वळणावर रुळांना वंगण घालत होती. एका हातात वंगणाचा डबा, दुसऱ्या हातात चिंधी बांधलेली काठी. रिकाम्या ट्रॉल्या वर ओढून नेणाऱ्या खेचरवाल्याने तिला निरोप दिला. तिने डब्याला झाकण लावलं, काठी झुडपात ठेवली आणि चढ चढायला लागली. अर्ध्या वाटेवर तिच्या लक्षात आलं की आपण पाचवं वळण तसंच सोडलंय. क्षणभर ती थांबलीसुद्धा. बारा वर्षांची सवय होती ती, जाता जात नव्हती.

वस्तीचं सगळं आयुष्यच या लाइनवर बेतलेलं होतं. पन्नास वर्षांपूर्वी डोंगरावर नुसती झाडं होती आणि खाली नदीकाठी लाकडाची गिरणी. मधे सहा मैलांचा उतार. कंपनीने चाळीस माणसं आणून तिथे ट्रामची लाइन टाकली. पहिले रूळ लाकडाचे होते, वर पत्रा ठोकलेले. दोन हंगामांत त्यांचा भुगा झाला आणि मग लोखंडी रूळ आले. ब्रेकवाल्याचा बाप त्या चाळीस जणांत होता, आणि त्याची आई, तेव्हा नवी नवरी, त्या चाळीस जणांचं जेवण रांधत होती. भरलेली ट्रॉली स्वतःच्या वजनाने खाली जायची. मागे ब्रेकवाला बसायचा, हातात पुरुषभर लांबीचा दांडा. दांडा दाबला की लाकडी ठोकळा चाकाला घासायचा आणि ट्रॉली आवरायची. नऊ वळणं. भर होता तेव्हा वस्तीत नव्वद घरं होती, दुकान होतं, एका खोलीची शाळा होती, आणि आठवड्यातून दोनदा औषधाची पेटी घेऊन कंपाउंडर यायचा. मग जंगल मागे मागे सरकत गेलं. तोडणाऱ्यांना कामावर पोचायलाच दोन तास लागायला लागले. आता बावीस घरं उरली होती. डोंगराच्या पलीकडच्या अंगाने ट्रकचा रस्ता झाला होता. हा हंगाम संपला की रूळ उचलायचे, हे सगळ्यांना सांगून झालं होतं.

कंपनीने आणखी एक सांगितलं होतं. जो लाइनवर शेवटच्या दिवसापर्यंत राहील, त्याला खाली गिरणीत काम आणि राहायला खोली मिळेल. मधेच जो गळाला, त्याने आपलं आपण बघायचं.

कंपाउंडरने पायाला दोन्ही बाजूंनी फळ्या बांधल्या. "तीन महिने," तो म्हणाला. "पुढे चालेल. पण पूर्वीसारखा नाही."

हंगामाचे दहा आठवडे उरले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायको मुकादमाकडे गेली. मुकादम फलाटावर उभा राहून ओंडक्यांच्या राशीकडे बघत होता. रास त्याच्या डोक्याच्या वर गेली होती.

"मुकादम, आमची खोली जाणार का?"

"तुझा नवरा लाइनवर नाही. मी काय करू?"

"मी आहे की लाइनवर."

"तू वंगण घालतेस, बाई. ते घरातलं माणूस म्हणून दिलेलं काम आहे. कंपनीकडे त्याचा नंबर नाही."

बारा वर्षं उन्हापावसात नऊ वळणं चालली होती ती, त्याचा नंबर नाही हे तिला आज कळत होतं. तिने ते गिळलं.

"मग मला ब्रेकवर घ्या."

मुकादम हसला नाही, पण त्याच्या मागे टोप्या हसला. टोप्या म्हणजे उरलेल्या दोन ब्रेकवाल्यांपैकी एक. झोपतानाही टोपी काढत नाही असं त्याची बायकोच सांगायची.

"दांड्याला ताकद लागते," मुकादम म्हणाला.

"ताकद नाही लागत, वजन लागतं. आणि कधी सोडायचा ते कळावं लागतं. ही माणसं वळणावर काय करतात ते तुम्हाला वरून दिसत नाही. मी वळणावरच उभी असते. हा टोप्या सहाव्या वळणावर डोळे मिटतो."

टोप्याचं हसणं जागच्या जागी विरलं. फलाटावरची दोघं-तिघं तोंड फिरवून साखळ्या मोजायला लागली.

मुकादमाने पुन्हा राशीकडे बघितलं, मग आभाळाकडे. "एक फेरी," तो म्हणाला. "बडबड्या सोबत बसेल. तो ठीक म्हणाला तर बघू."

बडबड्या हा दुसरा ब्रेकवाला. दिवसात दोन शब्द बोलला तर घरच्यांना काळजी वाटायची, म्हणून हे नाव. तो ओंडक्यावर मागे तोंड करून बसला आणि सहा मैल तसाच बसून राहिला. ती दांड्याला कंबर लावून बसली. पहिल्या वळणाला तिचं काळीज तोंडाशी आलं. तिसऱ्याला ते खाली गेलं. पाचव्यानंतर तिला फक्त चाकांचा आवाज ऐकू येत होता. खाली पोचल्यावर बडबड्या उतरला, त्याने ठोकळ्याला हात लावून किती तापलाय ते बघितलं आणि म्हणाला, "ठीक."

वंगणाचा प्रश्न उरला. तो सासूने सोडवला. "मी घालते," ती म्हणाली. "मी इथे आले तेव्हा तू जन्मालासुद्धा आली नव्हतीस. पिंपातून हाताने काढायचो आम्ही वंगण."

"आई, सहा मैल आहेत."

"एका दिवसात कोण म्हणतंय? आज वरची, उद्या खालची. परतताना खेचरवाला आणील बसवून."

आणि ती तशीच सुरू झाली. सत्तरीची बाई, डोक्याला फडकं बांधून, डबा हलवत.

नवरा मात्र भिंतीकडे तोंड करून पडला. त्याची खाट खिडकीपाशी होती आणि खिडकीतून लाइनचा पहिला टप्पा दिसायचा. बायको कामाला निघाली की तो डोळे मिटून घ्यायचा. चहाचा कप ठेवला तर गार झाल्यावर प्यायचा. दोन दिवस हे चाललं. तिसऱ्या दिवशी ती घरी आली, तळव्यांचे फोड कोमट पाण्यात बुडवून बसली, तेव्हा भिंतीकडूनच आवाज आला.

"तिसऱ्या वळणाआधी दांडा सोडतेस तू."

"तुम्हाला काय माहीत?"

"ऐकू येतं मला. ठोकळा गप्प होतो. वळण सुरू झाल्यावर सोड. आधी नाही."

"बरं."

"आणि पाचव्याला जास्त दाबतेस."

पाचवं वळण तिथून दीड मैलावर होतं. तिथला आवाज वाऱ्यालासुद्धा ऐकू येत नसेल. पण ती "बरं" म्हणाली. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी तो तिच्या फेऱ्यांच्या चुका काढायला लागला. निम्म्या खऱ्या असायच्या, निम्म्या त्याच्या पदरच्या. पण चहा गरम असताना प्यायला लागला.

काम तिला जमलं, पण अंगाला ते फार लवकर कळलं. डाव्या कंबरेला दांड्याचा वळ उठला, तो काळानिळा होऊन तसाच राहिला. खांदा इतका भरून यायचा की केस विंचरताना हात वर जायचा नाही. खाली गिरणीत पहिले काही दिवस माणसं करवती थांबवून बघायला यायची. पडवीत ब्रेकवाल्यांसाठी एक बाक होता. तिथे टोप्या पाय पसरून बसायचा आणि ती आली की आणखी थोडे पसरायचा. ती आपला डबा रिकाम्या ट्रॉलीवर बसून खायची. बाईमाणसाने आडोशाला कुठे जायचं याचा तर गिरणी बांधणाऱ्याने विचारच केला नव्हता. ती सकाळपासून पाणी कमी प्यायला शिकली.

असे सहा आठवडे गेले. रास तिच्या खांद्याइतकी खाली आली.

सातव्या आठवड्यात धुकं उतरलं. पाऊस म्हणावा तर पाऊस नाही, पण सगळं ओलं. सकाळची पहिली ट्रॉली तिची होती. तिच्यामागे अर्ध्या तासाने बडबड्या निघणार होता. सहा वळणं नीट पार पडली. सातव्यात शिरताना तिने दांडा दाबला, ठोकळा नेहमीसारखा किंचाळला आणि मग एकदम गप्प झाला. चाकं थांबली होती, ट्रॉली थांबली नव्हती. दोन टनांचं लाकूड रुळावरून नुसतं घसरत होतं.

अशा वेळी माणूस दांडा आणखी दाबतो. तिनेही दाबला. मग तिला उमगलं की फिरायचं थांबलेलं चाक काही आवरणार नाही. जिवावर आलं, तरी तिने दांडा सोडला. ट्रॉलीने उडी घेतल्यासारखा वेग धरला, पण चाकं पुन्हा फिरायला लागली. तिने पायाने चाकांपुढे वाळू सांडणाऱ्या खोक्याची फळी उघडली आणि थोडं थोडं, दाबून सोडून, दाबून सोडून आवरायला लागली. आठव्या वळणाला आतली चाकं उचलल्याचं तिला कंबरेत जाणवलं. ती आतल्या बाजूला लटकली. चाकं खाली आली. नववं वळण कसं गेलं ते तिला पुढे कधीच आठवलं नाही. गिरणीच्या आवारात ट्रॉली थांबायची जागा ओलांडून गेली, शेवटच्या आडव्या लाकडावर आदळली, एक ओंडका सुटला आणि खेचरांच्या पाण्याच्या डोणीचे दोन तुकडे झाले. माणसाला कोणालाच लागलं नाही.

माणसं धावत येईपर्यंत ती खाली उतरली होती. तिने चाकाला हात लावला. बोटं काळी झाली. चाकाच्या तोंडावर वंगण होतं, चांगलं जाडजूड.

वंगण बाहेरच्या रुळाच्या आतल्या कडेला घालायचं असतं, जिथे चाकाची धार घासते. रुळाच्या डोक्यावर नाही. हे लाइनवरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. आणि काल संध्याकाळी खालची वळणं सासूने केली होती.

तिने डोक्याचं फडकं सोडलं आणि दोन्ही पुढची चाकं पुसून काढली. एवढ्यात तिला बडबड्याची आठवण झाली. तो निघाला असेल.

गिरणीवाले विचारत होते काय झालं, कसं झालं. तिने वाळूची एक बादली उचलली आणि लाइनवरून वर पळायला लागली. सातवं वळण तिथून मैलाहून जास्त होतं. धाप लागली, छातीत कळ आली, रुळांखालच्या आडव्या स्लीपरांमधल्या खडीत दोनदा पाय मुरगळला. तिथे पोचली तेव्हा रूळ थरथरत होते. ती गुडघ्यांवर बसली आणि फडक्याने रूळ पुसत, वाळू चोळत, सरकत गेली. धुक्यातून बडबड्याची ट्रॉली आली तेव्हा शेवटचं हातभर राहिलं होतं. ती बाजूला झाली. बडबड्याने तिला बघितलं, तिच्या हातातलं काळं फडकं बघितलं, आणि हळूहळू वळण घेऊन निघून गेला.

मुकादम दुपारी खाली आला. टोप्या बाकावरून म्हणाला, "बाईच्या हाती दांडा दिला की असं व्हायचंच." कोणी दुजोरा दिला नाही, कोणी नाहीही म्हटलं नाही.

"काय झालं?" मुकादमाने तिला विचारलं.

"ओल होती."

"ओल सगळ्यांनाच होती. बडबड्या आला, टोप्या आला."

 वंगणाचं नाव काढलं असतं तर ती सुटली असती. पण म्हातारीला लाइनवर पाय ठेवू दिला नसता कोणी, आणि त्याहून म्हणजे, चाळीस जणांचं रांधलेली बाई वस्तीच्या तोंडचा विषय झाली असती. तिने नखातलं काळं कोरत बसायचं ठरवलं.

"उद्यापासून येऊ नकोस," मुकादम म्हणाला. त्याला वाईट वाटत होतं हे दिसत होतं, पण त्याने काही बदलत नव्हतं.

घरी आल्यावर तिने फडकं रॉकेलच्या पाण्यात टाकलं. नवरा आता काठीच्या आधाराने दारापर्यंत येत होता. त्याने बादलीत बघितलं.

"एवढं वंगण कुठलं?"

"हाताला लागलं होतं."

"हाताला लागलेलं एवढं नसतं."

 त्याने आत बघितलं. आत त्याची आई डाळ निवडत होती आणि खड्यांबरोबर डाळही बाजूला टाकत होती. तो बराच वेळ तिच्या बोटांकडे बघत राहिला. मग तो येऊन बायकोशेजारी उंबऱ्यावर बसला, पाय लांब करून. 

सकाळी फडकं धुवायला म्हातारीने काढलं. तिने ते डोळ्यांजवळ नेलं, वास घेतला, अंगठ्याने चोळलं. मग कोणाला काही न सांगता ती फलाटावर गेली. सून मागोमाग धावली, पण तोवर म्हातारी मुकादमासमोर उभी होती. तोडणारे होते, खेचरवाले होते, टोप्या होता.

"सातव्या वळणावर वंगण मी घातलं," म्हातारी म्हणाली. "कडेला घालायचं ते डोक्यावर घातलं. मला हल्ली दोन रुळांचे चार दिसतात. त्यातला खरा कुठला ते अंदाजाने धरते. तिकडे अंदाज चुकला."

मुकादमाने सुनेकडे बघितलं. "तू हे काल का नाही बोललीस?"

 तेव्हा बडबड्या पुढे आला. लोक पुढे कित्येक वर्षं सांगायचे की एवढं बोलताना त्याला त्याआधी कोणी ऐकलं नव्हतं आणि त्यानंतरही नाही.

"ही खालून पळत वर आली," तो म्हणाला. "सातव्यावर गुडघ्यावर बसून रूळ पुसत होती. मी मागे होतो. ती आली नसती तर मी दरीत गेलो असतो. तिची ट्रॉली माझ्या हातात असती, तरी गेलो असतो. मी दांडा सोडला नसता."

मग तो आपल्या ट्रॉलीकडे गेला आणि साखळी तपासायला लागला. मुकादम म्हणाला, "तिची ट्रॉली भरा."

परत येताना म्हातारी सुनेवर चिडलेली होती. "माझी चूक तू कशाला पोटात घातलीस?" ती म्हणाली. "मी काय या घरात पाहुणी आहे?"

"नाही, आई."

"मग. पुन्हा असं करायचं नाही." आणि चार पावलं गेल्यावर, "डबा आता कोण उचलणार?"

डबा ब्रेकवाल्याने उचलला. काठी टेकत, एक पाय ओढत तो वरची वळणं करायला लागला आणि खालची खेचरवाल्याने वाटून घेतली. टोप्याने पहिल्याच दिवशी त्याला विचारलं, "काय मालक, बायकोच्या गाडीला वंगण?" ब्रेकवाला म्हणाला, "तुझ्याही गाडीला घालतोय. कुठे घालायचं ते सांग, कडेला का डोक्यावर?" टोप्याने त्यानंतर विषय काढला नाही.

शेवटचा ओंडका खाली गेला त्या दिवशी कोणी काही विशेष केलं नाही. दुसऱ्या दिवसापासून रूळ उचलायचं काम निघालं. वरच्या टोकापासून सुरुवात करायची, म्हणजे उचललेले रूळ उरलेल्या लाइनवरून खाली नेता येतात. खिळे उपटले की स्लीपर तशीच मातीत राहायची, कुजलेली, आतून वाळवीने पोखरलेली. म्हातारी एका दगडावर बसून बघायची. "हा आमच्या वेळचा," ती मधेच सांगायची. तिला खरंच ओळखू येत होता की नाही देव जाणे. दुकान बंद झालं. शाळेचा फळा कोणीतरी दाराला लावायला नेला. घरं एकेक रिकामी होत गेली आणि रिकाम्या घरांची दारं-खिडक्याही ट्रॉलीवर चढल्या. बारा दिवसांनी लाइन तिसऱ्या वळणापर्यंत आखडली, तेव्हा यांची पाळी आली.

सामान फार नव्हतं. दोन खाटा, पत्र्याची पेटी, भांड्यांचं पोतं, अंथरुणांची वळकटी. ट्रॉलीवर खाली उचललेले रूळ, रुळांवर सामान, सामानावर म्हातारी. तिसऱ्या वळणापर्यंत सगळं पाठीवर आणावं लागलं. नवरा पुढच्या बाजूला बसला, मोडका पाय पेटीवर टेकवून. बायको मागे, दांड्याला कंबर लावून. तिने ठोकळ्याखालची पाचर काढली आणि ट्रॉली निघाली. चौथ्या वळणाला त्याने मागे वळून काहीतरी सांगायला तोंड उघडलं. ती रुळाकडे बघत होती. त्याने तोंड मिटलं आणि पुढे बघायला लागला.  म्हातारीला डुलकी लागली.

गिरणीच्या आवारात मॅनेजर उभा होता. कबूल केल्याप्रमाणे खोली दिली होती, ओळीतली शेवटची, पाण्याच्या टाकीजवळची. कामाचं त्याने ब्रेकवाल्याला सांगितलं. "तुला फाटकावर बसता येईल. पाय चालवावा लागणार नाही." मग घोटाळत म्हणाला, "आणखी एक आहे. नदीपलीकडच्या जंगलात कंपनी नवी लाइन टाकतेय. ब्रेकवरची माणसं हवी आहेत. बडबड्या जातोय. तुझं नाव मुकादमाने आधी सांगितलं होतं, पण या पायाने—"

"माझं नाही जमणार," ब्रेकवाला म्हणाला. "पण मला कशाला विचारता? शेवटचे दहा आठवडे ब्रेक हिच्याकडे होता. हिला विचारा. फाटक काय, तिकडेही असेलच एखादं."

मॅनेजरने मागे बघितलं. ती वळकटीची गाठ सोडवत होती. दोर ओल्याने आवळला होता, म्हणून दाताने ओढत होती.

"येणार का, बाई?"

तिने गाठ सोडवली, दोर हातावर गुंडाळला आणि मग त्याच्याकडे बघितलं.

"उतार किती आहे?" तिने विचारलं. "आणि वळणं किती?"

मॅनेजरला ते माहीत नव्हतं. त्याने कारकुनाला नकाशा आणायला आत पाठवलं.